भोंग्यावरची जनाक्का

मंगला गेल्याची बातमी मला भाजीवालीकडून कळली. मी शिकवते ती बालवाडी सुटल्यावर मी सुरतेत गोडादऱ्याच्या नाक्यावर मेथीची जुडी बघत होते, तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘जनाक्का गयी ना ताई. तुम्ही आजून आठेच?’’ आठे म्हणजे इथं, आमच्या अहिराणीत. मी ज्या घरात राहते त्याच घराच्या खालच्या खोलीत मंगला राहायची. कावीळ झाली म्हणून तिला दवाखान्यात नेलं तेव्हा रिक्षात तिच्या शेजारी मीच बसले होते. आणि ती गेल्याचं मला कळावं कुणाकडून, तर भाजीवालीकडून. अख्ख्या बाजाराला माझ्याआधी माहीत. खरं सांगते, मला पहिल्यांदा रडू आलं नाही, राग आला. त्यातही ती बाई ‘मंगला गेली’ म्हणाली नाही, ‘जनाक्का गेली’ म्हणाली. जनाक्का नावाची बाई कधी नव्हतीच. ती मी लिहिलेली होती. पण हे सुरतेत कुणाला सांगायला जावं, तर लोक माझ्याकडं असं बघतात, जणू मी त्यांच्या घरातलं काही उचलून नेते आहे.

तर आता जरा सुरुवातीपासून सांगते. त्या वेळी आमच्याकडं ‘रेडिओ’ म्हटलं की घरातलं यंत्र कुणाच्या डोक्यात यायचं नाही. रेडिओ म्हणजे रमणीकभाईंचे भोंगे. रमणीकभाईंचं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्नसराई संपली की भोंगे नुसते धूळ खात पडायचे, म्हणून त्यांनी डोकं लढवलं. बाजारातल्या विजेच्या खांबांवर भोंगे बांधले, दुकानातून वायर ओढली, आणि संध्याकाळी गाणी आणि जाहिराती सुरू केल्या. कपड्याचं दुकान, दाताचा डॉक्टर, पीठगिरणी, भांडीवाला, सगळे महिन्याचे पैसे द्यायचे आणि आपलं नाव भोंग्यावर ऐकायला दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहायचे. पण खरा रेडिओ चालायचा आठवड्यातून एकदा, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, पावरची सुट्टी असली की. एरवी आमच्या भागात खटाखट चालूच. वरच्या मजल्यावर लूम, खालच्या मजल्यावर लूम, मध्ये माणसं. लूमवर काम करणाऱ्याच्या कानात ती खटाखट घरी आल्यावरसुद्धा चालू असते. सुट्टीच्या दिवशी मात्र सगळं बंद. मग आमच्या गल्लीत एखाद्या घरात भांडं पडलं तरी आवाज यायचा. त्या शांततेत रमणीकभाईंचा भोंगा बोलायचा आणि अख्खा खान्देश खाटा बाहेर काढून ऐकत बसायचा.

रमणीकभाईंना मराठी बोलणारी बाई हवी होती, कारण गिऱ्हाईक सगळं आमचं, धुळे-जळगावचं. मी बारावी झालेली, चोपड्याच्या शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळवलेली. मंगला पारोळ्याकडची, लग्न करून सुरतेला आली तेव्हापासून घरी बसून साड्यांना लेसपट्टी लावायची. आम्ही दोघीही गेलो. मी दोन ओळी वाचल्या, तिनं दोन ओळी वाचल्या. रमणीकभाई माझ्याकडं बघून म्हणाले, ‘‘बेन, तमे लखो. आ बेन बोलशे.’’ तुम्ही लिहा, ही बोलेल. माझा आवाज म्हणे शाळेतल्या बाईंसारखा वाटतो, ऐकणाऱ्याला वाटतं आता गृहपाठ विचारणार. आजही मी म्हणते, माझा आवाज वाईट नव्हता. स्वच्छ होता. मंगलाचा आवाज जाडसर, थोडा घोगरा... पण तो भोंग्यातून निघाला की पार शेवटच्या गल्लीत जायचा, आणि तिथल्या बाईला वाटायचं, आपल्याशीच बोलते आहे. हे मला तेव्हाही कळत होतं. कळलं म्हणून त्रास कमी होतो असं नाही.

जाहिरात म्हणजे नुसतं दुकानाचं नाव आणि पत्ता, त्यात काय राम? म्हणून मी जनाक्का लिहिली. जनाक्का सुरतेतल्याच बमरोलीला राहणारी, नवरा नसलेली, तोंडानं फटकळ बाई. ती दर आठवड्याला एकेका दुकानात जायची, घासाघीस करायची, भांडायची, आणि शेवटी वस्तू घेऊन निघायची. बोलणं सगळं आमचं घरचं, अहिराणी. जनाक्कापण मंगला, दुकानदारपण मंगलाच, नुसता आवाज बदलायचा. पहिल्याच सुट्टीला गल्लीतली माणसं पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी पीठगिरणीवाल्यानं मंगलाचं दळण रांग मोडून आधी दळून दिलं. मी रांगेतच होते. भांडीवाल्याच्या दुकानात एक बाई भांडायला लागली की जनाक्काला ज्या भावात कळशी दिली त्याच भावात मला द्या. मंगला रस्त्यानं निघाली की पोरं मागं लागायची, ‘‘जनाक्का, काय लिधं आज?’’ आणि ती हसून सांगायची, अमुक घेतलं, तमुक घेतलं. एकदासुद्धा थांबून म्हणाली नाही की बाबांनो, हे सगळं विमलच्या, म्हणजे माझ्या, डोक्यातलं आहे.

मी घरी लिहायचे. खाली जाऊन तिला वाचून दाखवायचे, ती लेसपट्टी लावता लावता ऐकायची. सगळं पाठ करायची. माझा शब्द ती बदलत नसे, तेवढं मात्र खरं. फक्त एक गोष्ट तिनं स्वतःची घातली. दुकानदारानं भाव सांगितला की जनाक्का क्षणभर गप्प, आणि मग एकदम खालच्या सुरात, ‘‘व माय...’’ बस्स, एवढंच. हे मी लिहिलेलं नव्हतं. आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते तेवढंच. मी पानं भरभरून लिहायचे, आणि गल्लीतला प्रत्येक माणूस जनाक्काची नक्कल करायचा ती ‘व माय’ म्हणून. दिवाळीला साडीवाल्या शेठनं मंगलाला साडी दिली आणि मला सोनपापडीचा डबा. सोनपापडी मला आवडत नाही. ती मी तिच्या पोरांना देऊन टाकली आणि ती म्हणाली, ‘‘तुनं मन मोठं शे विमल.’’ मन कसलं मोठं... मनात तर वेगळंच चाललेलं होतं.

प्लेगच्या वर्षी सुरत रिकामी झाली. मिळेल त्या गाडीनं माणसं गावाकडं पळाली, भोंगे मुके झाले. आम्ही परत आलो तेव्हा बाजारात उधारी, धंदा मंदा. साडीवाल्या शेठला लग्नसराईत काहीतरी जोरात करायचं होतं. आमच्यात लग्न ठरलं की बस्ता बांधायला अख्खं कुटुंब जातं, म्हणजे नवरा-नवरी, वरमाई, काकवा, माम्या, सगळ्यांचे कपडे एका दुकानात बसून एकदम घ्यायचे. शेठ म्हणाले, बस्त्याची जाहिरात करा. मी म्हटलं, जनाक्काच्या मुलीचं लग्न काढते. आमच्या बोलीत मुलीला आंडेर म्हणतात. तर जनाक्काच्या आंडेरला मी नाव दिलं सुमन. स्थळ बघितलं बारडोलीचं, मुलगा साखर कारखान्यात. मग दर सुट्टीला एक भाग. स्थळ आलं, पाहुणे आले, सुमनला चहा आणायला सांगितलं तर तिनं मुद्दाम साखर कमी घातली, मुलगा तरी हो म्हणाला. लोक आठवडाभर वाट बघायचे. लूमवर पाळी बदलताना माणसं एकमेकांना विचारायची, सुमनचं कुठवर आलं.

बस्त्याच्या भागात मी एक वाक्य लिहिलं. सगळ्यांचे कपडे घेऊन होतात, आणि शेठ विचारतात, ‘‘जनाक्का, तुम्हाला भावाकडून काय येणार?’’ आमच्याकडं मुलीच्या लग्नात आईला तिच्या भावाकडून आहेर लागतो. भावाची साडी अंगावर असल्याशिवाय ती मांडवात मिरवत नाही. जनाक्का म्हणते, ‘‘माले भाऊ नई, शेठ. मना मांडव मामाबिगर.’’ माझा मांडव मामाविना. हे वाक्य मी उगीच लिहिलं नव्हतं. मला भाऊ नाही. माझ्या लग्नात अंतरपाटाच्या वेळी माझ्या मागं मामाही उभा नव्हता आणि भाऊही. दर भाऊबीजेला मी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. मंगलाला सख्खे तीन भाऊ. भाऊबीजेला तिच्या दारात तिघांच्या चपला असायच्या, आणि बाहेरून आले की मला त्या चपला ओलांडून वर जिना चढावा लागायचा. तेव्हा ते वाक्य माझं होतं. दुकानाचं नव्हतं, जनाक्काचंही नव्हतं. मंगलानं ते म्हटलं मात्र असं, की गल्लीत बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

लग्नाचा भाग होता त्या सुट्टीला रमणीकभाईंच्या दुकानापुढं माणसं जमायला लागली. आम्हाला वाटलं ऐकायला आलीत. बघतो तर बायकांच्या हातात तबकं. तांदूळ, नारळ, खण, कुणी स्टीलचा डबा घेऊन आलेली. सुमनच्या लग्नाचा आहेर. आमच्याकडं लग्नाचं बोलावणं कानावर आलं आणि माणूस आपल्याकडचा असला तर रिकाम्या हातानं राहता येत नाही. भोंग्यावरून महिनाभर बोलावणं चाललं होतं. रमणीकभाई घाबरून मला विचारत होते, ‘‘आ बधुं शुं छे?’’ हे सगळं काय आहे? आणि मी कागद हातात धरून उभी होते. तेवढ्यात गर्दीतून एक उंच, वाळका माणूस पुढं आला. अंगावर धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, काखेत साडीचं पुडकं. तो बमरोलीच्या लूमवर काम करणारा भिकन. त्याची एकुलती बहीण लग्नाआधीच गेलेली होती, हे नंतर कळलं. त्यानं विचारलं, ‘‘जनाक्का कथी शे? मी भाऊ उनू.’’ जनाक्का कुठं आहे, मी भाऊ आलोय. साडी हिरवी होती आणि शेठच्या दुकानातली नव्हती, समोरच्या दुकानातली होती. शेठचा चेहरा त्यामुळं पडला तो पडलाच.

मी पुढं व्हायला हवं होतं की काय, मला माहीत नाही. मी अर्धं पाऊल टाकलंही असेल. पण मंगला माईक ठेवून उठली, दाराशी आली, त्या माणसाकडं बघितलं, आणि जनाक्काच्याच सुरात म्हणाली, ‘‘इतला उशीर कया रे भाऊ?’’ त्या माणसाचे डोळे एकदम भरले. कुणीतरी कुंकवाची कोयरी पुढं केली, तिनं त्याला टिळा लावला, त्यानं साडी तिच्या हातात दिली, तिनं ती खांद्यावर घेतली. मागून पिपाणीची कॅसेट चालू झाली. लोक म्हणत होते, जनाक्काला भाऊ मिळाला... माझ्या हातातल्या कागदावर अजून लग्न लागायचं बाकी होतं.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, ‘‘त्याला खरं सांगायला हवं होतंस.’’

‘‘काय खरं?’’ ती म्हणाली. ‘‘तू कागदवर भाऊ मांगा, उना तो. आते काय, दारातून धाडी देऊ?’’

‘‘तुला तीन आहेत.’’

तिनं खांद्यावरची साडी काढली. घडी करून ती माझ्यापुढं ठेवली. ‘‘ले. तुनी शे.’’

मी घेतली नाही. भाऊ तिनं ओवाळायचा आणि साडी मला द्यायची, हे कसलं उष्टं माहेर. मी तसं तोंडावर बोलले आणि वर निघून आले. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. भुकेल्या माणसाला दुसऱ्यानं आधी घास घेऊन मग ताट सरकवलं, तर तो ते ताट मागं सरकवणारच.

तेव्हापासून दर भाऊबीजेला मंगलाच्या दारात चौथी चप्पल दिसायला लागली. भिकनदादा बमरोलीहून चालत यायचा, हातात फरसाणाची पिशवी. मंगला तीच हिरवी साडी नेसायची. मला खालून हाका यायच्या, ‘‘विमल, खाले ये, भिकनदादा उना...’’ मी ओ द्यायचे नाही. मला म्हणे डोकेदुखी असायची, कधी पोळ्या तव्यावर असायच्या. चंद्र दिसायच्या आधीच मी गच्चीवर जायचे आणि खालून त्यांच्या हसण्याचे आवाज यायचे. त्यांचं काय बोलणं चालतं याची मला फार उत्सुकता होती, आणि ती आहे हे कुणाला कळू नये याचीही तेवढीच धडपड.

रेडिओ फार वर्षं टिकला नाही. केबल आली, घराघरात टीव्हीचा आवाज आला, कारागीर खिशातले छोटे रेडिओ लूमला टांगायला लागले. दुकानदारांनी हळूहळू हात आखडता घेतला. एक दिवस रमणीकभाईंची माणसं शिडी लावून भोंगे उतरवून घेऊन गेली. मंगला आणि मी दारात उभ्या राहून बघत होतो. तिनं विचारलं, ‘‘आते जनाक्का काय करी?’’ मी म्हटलं, जाईल बमरोलीला, बसेल घरी. ती हसली आणि पुन्हा लेसपट्टीला बसली. मला खोटं बोलायचं नाही. भोंगे उतरले तेव्हा माझी जाहिरात गेली याचं दुःख झालं, पण आता मंगलालाही बाजारात कुणी हाका मारणार नाही, हा विचार मनात आला आणि बरं वाटलं. तेही खोटंच ठरलं. लोक तिला शेवटपर्यंत जनाक्काच म्हणत राहिले.

नवरात्राच्या आधी ती गेली. माहेरची साडी घेऊन तिचे तिन्ही भाऊ आले. भिकनदादाही साडी घेऊन आला, दाराबाहेर उभा राहिला, आत कुणी बोलावलं नाही. थोरल्या भावानं विचारलं, हा कोण? कुणाला नीट सांगता येईना. शेवटी भाजीवालीच म्हणाली, ‘‘तो जनाक्काना भाऊ.’’ मग थोरल्या भावानं स्वतः उठून त्याला आत घेतलं आणि त्याची साडी आपल्या साडीवर पांघरू दिली. मी भिंतीला टेकून बघत होते. त्याही वेळी माझ्या मनात आलं, मी मेले तर माझ्यासाठी साडी कोण आणेल... माणसाचं मन कुठं काय काढेल, सांगता येत नाही.

यंदा मंगलाच्या घरी सुतकाची दिवाळी. भाऊबीजेला खालचं दार बंदच होतं. संध्याकाळी मी गच्चीवर जायला निघाले, तर वरून जिन्याच्या खालच्या पायरीवर भिकनदादा बसलेला दिसला. केस पांढरे झालेले, हातात तीच फरसाणाची पिशवी. मी म्हटलं, ‘‘दादा, खाली कुणी नाही. गावाला गेलेत.’’

‘‘माले माहीत शे,’’ तो म्हणाला. ‘‘मी तुनाकडे उनू.’’

मी परत फिरून माझ्या खोलीचं दार उघडलं. तो वर आला, खाटेवर न बसता जमिनीवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, ‘‘भाची कशी शे?’’

‘‘कोणती भाची?’’

‘‘सुमन. बारडोलीवाली.’’

मला आधी वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तो हसला. ‘‘नई व ताई, माले कळस. खोटी शे ती. पन मामाले इचारनं पडस ना.’’ मामाला विचारावं लागतं. मग त्यानं सांगितलं, दर भाऊबीजेला टिळा लावून झाला की तो मंगलाला हेच विचारायचा, सुमन कशी आहे, सासरी नांदते ना. आणि दर वर्षी मंगलाचं एकच उत्तर. ‘‘ती सांगे, माले काय माहीत? मी नुसती बोलस. आंडेर विमलनी शे, तिलेच इचार. मंग तुले हाक मारे. तू कधी खाले उतरनी नई.’’

हे ऐकून माझं मन निवळलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण मला पुन्हा रागच आला. इतकी वर्षं त्या माणसाला सांगत राहिली, मग एकदा वर येऊन मला सांगायला काय झालं होतं? जिना काय फार होता? जे मला जिवंतपणी ऐकायचं होतं, ते तिनं मेल्यावर ऐकवलं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. आता मी भांडायला कुणाकडं जाऊ?

मी चहा ठेवला. आरतीचं ताट केलं, वात लावली. त्याला टिळा लावला, ओवाळलं. आयुष्यात पहिल्यांदा ताटामागं माणसाचा चेहरा होता. मग समोर बसून मी सांगायला लागले. सुमनची सासू कडक आहे, पण सासरा भला. जावई रात्रपाळी करतो. ऊस तोडणीचा हंगाम सुरू झालाय, त्यामुळं दिवाळीला येता आलं नाही. मला सगळं सुचत होतं, भराभर सुचत होतं, नुसतं कानात मात्र ते मंगलाच्या आवाजात ऐकू येत होतं, त्याच जाडसर, घोगऱ्या आवाजात, आणि तो मला काही केल्या बाजूला करता येईना. मी लिहायचं आणि तिनं बोलायचं, हे रमणीकभाईंनी एकदा ठरवलं ते ठरवलं. मी तशीच सांगत राहिले. शेवटी म्हटलं, इतक्या वर्षांनी सुमनला दिवस गेलेत.

भिकनदादानं बशी खाली ठेवली. त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला, खऱ्याखुऱ्या मामाचा होतो तसा.

‘‘पहिलं बाळंतपण माहेरले करतंस,’’ तो म्हणाला. ‘‘आते तिनं माहेर कथं?’’

मी म्हटलं, ‘‘मना आठे.’’